धाकट्या खोलीतला इन्फ्रारेड सॉना: चौदा महिन्यांच्या वापरानंतर

पुण्यासारख्या शहरात, जिथे एप्रिल-मे महिन्यांत गच्चीखालची खोली आपोआपच भट्टीसारखी तापते, तिथे पावणेदोन लाखांहून अधिक रुपये मोजून घरात घाम काढण्याची पेटी आणणे हा शेजाऱ्यांच्या दृष्टीने विनोदाचा विषय होता, आणि खरे सांगायचे तर पैसे भरून झाल्यानंतरही पहिले काही दिवस मला तो विनोद पटत होता. आज चौदा महिन्यांनी माझे मत असे आहे की पेटी चांगली आहे, मात्र ती विकताना जे सांगितले जाते त्यातले बरेचसे पोकळ आहे. आणि ती घरात सुखाने चालेल की नाही हे पेटीपेक्षा जागा, वायरिंग आणि पावसाळा यांवर अधिक ठरते. म्हणून या लेखात मी त्या गोष्टींवरच जास्त लिहिणार आहे.

माझ्या पतींची कंबर रोजच्या ड्रायव्हिंगने आखडत असे आणि माझे गुडघे हिवाळ्यात सकाळी कुरकुरत. जिममधल्या सॉनात दोघांनाही बरे वाटले होते, पण तिथल्या स्त्रियांच्या आणि पुरुषांच्या वेळा वेगळ्या, आणि तिथल्या बाकांची अवस्था अशी की स्वतःचा पंचा चार घड्या करून अंथरल्याशिवाय बसवत नसे. घरी पारंपरिक फिनिश सॉना करण्याचा विचार आम्ही लवकर सोडला, कारण त्यात दगड तापवणारी शेगडी हवा ८० ते ९० अंशांपर्यंत नेते, छोट्या खोलीलाही तीन-चार किलोवॉटच्या वरची जोडणी लागते, आणि दगडांवर पाणी ओतायचे म्हटले की भिंतींच्या ओलीचा प्रश्न येतो. इन्फ्रारेड पेटीतली हवा ४५ ते ६० अंशांवर थांबते आणि पाण्याचा संबंधच येत नाही. फिनलंडमधली सॉना-संस्कृती २०२० मध्ये युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत नोंदली गेली आहे. तिथल्या माणसाला आमची ही कोरडी, निमूट पेटी सॉना म्हणून दाखवली तर तो बहुधा नम्रपणे विषय बदलेल.

तिचे काम कसे चालते हे समजण्यासाठी शेकोटी आठवावी. शेकोटीपुढे बसले की आजूबाजूची हवा गार असूनही चेहरा तापतो आणि पाठ मात्र थंडच राहते. तापवणारी असते ती अंगावर येणारी प्रारणे, हवा नव्हे. पेटीतले पॅनेल साधारण १०० अंशांच्या आसपास तापलेले असते तेव्हा त्याच्या प्रारणांचा जोर सुमारे ८ मायक्रोमीटर तरंगलांबीवर असतो, म्हणजे ती दूरची अवरक्त (फार-इन्फ्रारेड) किरणे असतात. ही किरणे ‘त्वचेच्या आत दीड-दोन इंच शिरतात’ हे वाक्य मी पाहिलेल्या जवळजवळ प्रत्येक माहितीपत्रकात होते, आणि ते चुकीचे आहे. या तरंगलांबीची किरणे त्वचेतले पाणी मिलिमीटरच्या अंशातच शोषून घेते; पुढे आत जाते ती नुसती उष्णता, आणि तीही रक्ताभिसरणातून. घाम येतो, स्नायू सैल होतात, नाडी वाढते हे सगळे खरे आहे, पण त्यासाठी किरणांनी सांध्यांपर्यंत पोहोचण्याची गरज नसते.

शेकोटीची ही उपमा निवड करतानाही उपयोगी पडते, कारण ज्या बाजूला पॅनेल नाही ती बाजू गारच राहते. आम्ही घेतलेल्या पेटीत पाठीमागे, दोन्ही बाजूंना, बाकाखाली आणि पायांखाली कार्बनची पॅनेल आहेत, परंतु पुढची सगळी बाजू ८ मिलिमीटर जाडीच्या टफन्ड काचेची आहे. दुकानात ती काच फार देखणी दिसली. प्रत्यक्षात पोट आणि मांड्यांचा वरचा भाग शेवटपर्यंत कोमट राहतो, त्यामुळे मध्येच वळून काचेकडे पाठ करून बसावे लागते. आज पुन्हा घ्यायची वेळ आली तर दाराच्या दोन्ही अंगांना उभे पॅनेल असलेलीच पेटी मी घेईन, मग काच थोडी अरुंद झाली तरी चालेल. सिरॅमिकच्या नळ्यांची पेटीही आम्ही पाहिली होती. नळी कार्बनपेक्षा बरीच जास्त तापते, तिच्यासमोरचा तळहाताएवढा भाग चटकन पोळतो आणि बाकीचे अंग वाट पाहत बसते. कार्बनचे पॅनेल मोठे आणि कमी तापणारे असल्याने ऊब सारखी पसरते, म्हणून तेवढी निवड योग्य झाली.

पेटीच्या विजेमुळे भोवती तयार होणाऱ्या विद्युतचुंबकीय क्षेत्राचा बागुलबुवा मात्र विक्रेत्यांनी चांगलाच वापरला आहे. ‘३ मिलिगाउसच्या आत’ असे प्रमाणपत्र असलेल्या पेटीसाठी आमच्याकडे चाळीस हजार रुपये अधिक मागितले गेले. आयसीएनआयआरपी या प्रारणांपासूनच्या संरक्षणासाठीच्या आंतरराष्ट्रीय आयोगाने २०१० मध्ये ५० हर्ट्झच्या क्षेत्रासाठी सामान्य नागरिकांकरिता दिलेली मर्यादा २०० मायक्रोटेस्ला, म्हणजे २,००० मिलिगाउस आहे. दीर्घकाळ अगदी थोड्या क्षेत्रात राहण्याबद्दल शंका घेणारे अभ्यास आहेत हे मी नाकारत नाही, पण आठवड्यातून तीनदा वीस मिनिटे बसण्यासाठी चाळीस हजार रुपये देण्याइतकी माझी शंका मोठी नव्हती. रंगीत दिवे, ब्ल्यूटूथचे स्पीकर आणि हवेत आयन सोडणारे यंत्र यांबद्दल एवढेच लिहिते की दिवे पेटतात, स्पीकर दुसऱ्या उन्हाळ्याआधी घरघरू लागला, आणि आयनचे यंत्र आम्ही आधीच काढून घ्यायला लावले, कारण बंद पेटीत ओझोनचा वास घेण्याची आम्हाला हौस नव्हती.

लाकडाची निवड अधिक विचार करण्यासारखी आहे. बाजारात मुख्यतः हेमलॉक, सीडर आणि बासवुड अशी तीन लाकडे दिसतात. सीडरला सुंदर वास असतो आणि ते सहजासहजी कुजत नाही, परंतु तोच वास बंद जागेत तापल्यावर काहींना सोसत नाही. माझ्या सासूबाई नमुन्याचा तुकडा हुंगूनच शिंकू लागल्या. बासवुड जवळजवळ गंधहीन, पण मऊ, नखानेही ओरखडा उठावा इतके. हेमलॉक या दोहोंच्या मधले, फारसा वास नसलेले आणि किमतीतही मधले. इथे ग्राहकाने एक गोष्ट हट्टाने तपासावी: पेटीचे छत, तळ आणि बाहेरची मागची बाजू अनेकदा प्लायवुडची असते आणि ती दुकानात भिंतीकडे तोंड करून ठेवलेली असते. आमचीही होती. प्लायवुड असणे हा गुन्हा नाही, पण त्यातला गोंद तापल्यावर कसा वास सोडतो आणि वाळवी पहिल्यांदा कुठे लागेल, हे दोन प्रश्न तिथूनच निर्माण होतात.

जागेसाठी आमच्या मनात आधी ड्राय बाल्कनी होती, कारण तिथे वॉशिंग मशीनचा १६ अँपिअरचा पॉइंट तयार होता. माझा भाचा स्ट्रक्चरल इंजिनिअर आहे. त्याने बाल्कनीकडे पाहिलेही नाही, आधी हिशेब मांडला. पेटी १६० किलोची, दोन माणसे मिळून १३० किलो, आणि पेटीचा तळ १.२० मीटर बाय १.०५ मीटर, म्हणजे सव्वा चौरस मीटरपेक्षा किंचित जास्त. हा भार चौरस मीटरला सुमारे २३० किलो होतो. आयएस ८७५ या मानकात राहत्या खोलीसाठी चौरस मीटरला २ किलोन्यूटन, म्हणजे ढोबळमानाने २०० किलो भार धरलेला असतो. “मामी, हा आकडा सगळ्या खोलीवर पसरून धरायचा असतो, त्यामुळे खोलीत भिंतीला लागून, तुळईजवळ ठेवलीत तर काही होत नाही, भरलेले लोखंडी कपाट आपण ठेवतोच की, पण बाहेर काढलेल्या बाल्कनीच्या कडेला कशाला?” असे तो म्हणाला. शिवाय जुलैत वाऱ्याने आत येणारी झड लाकडावर बसली असती ते वेगळेच. मुलगा नोकरीसाठी बंगळूरला गेल्यापासून त्याची धाकटी खोली रिकामी होती, तिथले कपाट हलवून पेटीला कोपरा दिला.

वायरिंगच्या बाबतीत या खोलीने आम्हाला अनपेक्षित मदत केली. पेटी १,७५० वॉटची आहे, म्हणजे २३० व्होल्टला साडेसात अँपिअरहून थोडा अधिक प्रवाह. ६ अँपिअरचा साधा सॉकेट तिला चालत नाही आणि आमच्या १९९८ सालच्या इमारतीतल्या त्या पॉइंटांमागची दीड चौरस मिलिमीटरची तार तर मुळीच नाही. पण मुलाच्या खोलीत भिंतीवर उंच एसीचा पॉइंट होता, त्याला थेट डीबीतून (घराच्या मुख्य वीज-बोर्डातून) स्वतंत्र ४ चौरस मिलिमीटरची तांब्याची तार होती, आणि त्याचा एसी आम्ही गेल्याच वर्षी दुसऱ्या खोलीत हलवला होता. या पेट्यांची विजेची केबल बहुधा छतावरूनच बाहेर निघते, त्यामुळे उंचावरचा तो सॉकेट अगदी मापात बसला. आमच्या इलेक्ट्रिशियनने त्या लाइनवरचा २० अँपिअरचा एमसीबी (भार वाढल्यास आपोआप पडणारा स्विच) काढून सॉकेटला साजेसा १६चा घातला आणि घरात आजवर नसलेला ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (विजेची गळती होताच पुरवठा तोडणारा स्विच) बसवला. दुसरा खर्च मी आधीच करायला हवा होता; पेटी हे त्याला निमित्त झाले. महावितरणच्या बिलावर ‘मंजूर भार’ छापलेला असतो, तोही एकदा पाहून घ्यावा, कारण गीझर, एसी आणि ही पेटी एकाच वेळी लावली की जुन्या घरांचा भार सहज ओलांडला जातो. इन्व्हर्टरवर पेटी चालत नाही, हे सांगण्याची गरज पडू नये, पण ती लाइन इन्व्हर्टरला जोडलेली नाही ना याची खात्री जरूर करावी.

तक्रारीची पहिली जागा इथेच आली. पेटीच्या केबलला युरोपीय धर्तीचा, दोन गोल पिनांचा प्लग होता, ज्यात अर्थिंग पिनांतून नव्हे तर कडेच्या पट्ट्यांतून मिळते, आणि विक्रेत्याने त्याच्यासोबत प्रवासात मोबाइल चार्ज करण्यासाठी नेतात तसला प्लास्टिकचा कन्व्हर्टर पाठवला होता. इलेक्ट्रिशियनने तो हातात घेऊन उलटसुलट पाहिला आणि माझ्याकडे परत दिला. “वहिनी, ह्याच्यात अर्थिंगच येत नाही. घामानं भिजलेलं माणूस आत बसणार, अन् हे असलं लावणार?” मग त्याने केबलचे टोक कापून १६ अँपिअरचा तीन पिनांचा जाड प्लग बसवला. विक्रेत्याकडे विचारल्यावर ‘सगळे ग्राहक तोच कन्व्हर्टर वापरतात’ असे उत्तर मिळाले. ते खरे असेल तर अधिकच वाईट.

पेटी सुट्या भागांत येते. ठरलेल्या दिवसानंतर बारा दिवसांनी दोन तरुण मुले सात खोकी घेऊन आली. सर्वांत उंच फळ्या १९० सेंटिमीटरच्या असल्याने त्या लिफ्टमध्ये तिरक्या करून बसल्या, काच मात्र त्यांनी चार मजले हातावर चढवली. आधी तळ, मग पाठ, बाजू, बाक, पुढची काच आणि शेवटी छत, असा क्रम असतो, आणि भिंती एकमेकींना बाहेरून लोखंडी खटक्यांनी अडकवतात, त्यामुळे मागे हात जाईल एवढी जागा सोडावी लागते किंवा पेटी जोडून झाल्यावर सरकवावी लागते. छत बसवल्यावर वरून वायरींच्या जोडण्या करायच्या असल्याने वरती वीत-दीड वीत मोकळी जागा लागते; आमच्या खोलीचे छत नऊ फुटांचे असल्याने ती मिळाली, पण ज्यांनी पीओपीचे छत खाली उतरवले आहे त्यांनी खरेदीआधी मेजपट्टी लावावी. एका भिंतीच्या फळ्यांची सांध तळाशी बोटभर फाकलेली राहिली होती. “काकू, तापल्यावर बसेल ते,” असे सांगून मुले निघाली होती. मी दाराशी उभी राहून खटके पुन्हा उघडायला लावले. तळाखाली फरशीचा उंचवटा होता, तिथे पातळ पट्टी सारल्यावर सांध मिटली. लाकूड तापल्यावर आकसते, सांधी भरत नाही, एवढे माझ्यासारख्या सुताराशी संबंध नसलेल्या बाईलाही कळते.

पहिल्या दिवशी आत कोणीही न बसता, खिडक्या उघड्या ठेवून पेटी तासभर तापवावी, असे पुस्तिकेत लिहिले होते. आम्ही ते तीन दिवस केले, कारण पहिल्या दिवशी छताच्या बाजूने नव्या फर्निचरच्या दुकानासारखा वास येत होता. तिसऱ्या दिवशी तो विरला. मग मी घरातला भिंतीवरचा साधा थर्मामीटर आत बाकाच्या उंचीवर टांगून पाहिला. पेटीच्या नियंत्रण-पॅनेलवरच्या आकड्यांत ५८ अंश दिसत असताना बाकाजवळ ४७ होते. ही फसवणूक नाही; पेटीचा सेन्सर छताजवळ असतो आणि गरम हवा वर जाते. परंतु ‘आमची पेटी ६५ अंशांपर्यंत जाते’ या बढाईचा अर्थ त्यावरून समजतो. जानेवारीत खोली १८ अंशांवर असताना बसण्याजोगी ऊब यायला पंचवीस-तीस मिनिटे लागतात, ऑक्टोबरात पंधराच्या आत. पेटी ‘दोन जणांची’ म्हणून विकली जाते, आणि दोन जण बसतातही, जसे एसटीच्या बाकावर तिघे बसतात. आम्ही आळीपाळीने बसतो.

प्रकृतीच्या फायद्यांबद्दल मी सावधपणेच लिहीन. विक्रेते ज्या अभ्यासाचा दाखला हमखास देतात तो फिनलंडमधल्या कुओपिओ भागातला आहे. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात २,३१५ पुरुषांकडे सुमारे वीस वर्षे पाहिले गेले आणि आठवड्यातून चार ते सात वेळा सॉना घेणाऱ्यांत हृदयविकाराने अचानक मृत्यू येण्याचे प्रमाण बरेच कमी आढळले. पण तो सॉना दगडांचा आणि कडक तापमानाचा होता, इन्फ्रारेडचा नव्हे. आमच्या पेटीच्या जवळ जाणारी गोष्ट म्हणजे जपानमधली वाओन पद्धत, ज्यात ६० अंशांच्या दूर-अवरक्त सॉनात १५ मिनिटे बसवून नंतर अर्धा तास रुग्णाला पांघरुणात गुंडाळून ठेवतात. ती मात्र डॉक्टरांच्या देखरेखीखाली होते. घामातून शरीरातली ‘विषे’ बाहेर पडतात हे मी मानत नाही. घाम बहुतांशी पाणी आणि मीठ असतो, आणि विषे बाहेर टाकण्याचे काम यकृत व मूत्रपिंडे करतातच. काट्यावर कमी दिसलेले अर्धा किलो वजन दोन तांबे पाणी प्यायल्यावर परत येते.

आपल्याकडे या विषयावरचे अधिक शहाणे लिखाण फार पूर्वी होऊन गेले आहे, असे मला वाटते. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातल्या चौदाव्या अध्यायात अग्नीच्या साहाय्याने घाम काढण्याचे तेरा प्रकार आहेत आणि त्यांतला जेंताक हा तर चक्क सॉनाच आहे: मातीची गोल खोली, भिंतीला लागून सगळीकडे बसायचा ओटा आणि मधोमध भट्टी. बाहेर आल्यावर लगेच गार पाण्याला हात लावू नये, घटकाभर थांबून कोमट पाण्याने स्नान करावे, आणि वृषण, हृदय व डोळे यांना शेक द्यायचा तर अगदी सौम्य द्यावा, नाहीतर देऊच नये, हेही तिथे सांगितले आहे. मूल हवे असलेल्या पुरुषांना आजचे डॉक्टरही सॉनापासून दूर राहायला सांगतात. माझ्या पतींना रक्तदाबाची गोळी चालू असल्यामुळे आमच्या डॉक्टरांनी आधी पंधरा मिनिटांची मर्यादा घातली, उठताना क्षणभर बाकाच्या कडेवर बसून मगच उभे राहायला सांगितले, आणि एकटे घरी असताना बसायचे नाही अशी अट घातली. गरोदर स्त्रिया, नुकताच हृदयविकाराचा झटका येऊन गेलेले आणि मद्य घेतलेले यांनी पेटीकडे फिरकू नये. आमचा अनुभव एवढाच की कंबर आणि गुडघे त्यानंतर तीन-चार तास मोकळे वाटतात आणि त्या रात्री झोप गाढ लागते. दुखणे बरे झालेले नाही.

विजेचा खर्च मी भ्याले होते त्याहून कमी आहे. तापायला पंचवीस मिनिटे आणि दोघांची वीस-वीस मिनिटे धरली तर एका वेळेला जास्तीत जास्त १.९ युनिट जातात. महिन्यात तेरा वेळा म्हणजे सुमारे २५ युनिट. महावितरणच्या घरगुती दरांचे टप्पे १०० आणि ३०० युनिटांवर बदलतात, आणि हिवाळ्यात आम्ही नेमके शंभराच्या काठावर असतो, त्यामुळे पेटीचे युनिट पुढच्या टप्प्याच्या दराने मोजले जातात. खरेदीचा हिशेब करताना हे ध्यानात ठेवावे, एरवी तक्रार नाही.

पावसाळ्याने मात्र पेटीची परीक्षा घेतली. जूनच्या अखेरीस आठवडाभर गावाला गेलो आणि परतलो तेव्हा बाकाच्या खालच्या बाजूला राखी रंगाचे ठिपके उमटले होते. कोरड्या फडक्याने पुसून, अर्धा तास तापवून ते गेले, पण तेव्हापासून पावसाळ्यात दर तिसऱ्या दिवशी रिकामी पेटी पंधरा मिनिटे चालवायची, प्रत्येक वापरानंतर दार आणि छतातली हवेची झडप तासभर उघडी ठेवायची, आणि पंचा अंथरल्याशिवाय बसायचे नाही, असा नेम झाला आहे. आतल्या लाकडाला पॉलिश किंवा तेल लावण्याचा मोह टाळावा, कारण तापल्यावर त्याच्या वाफा आपल्याच नाकात जातात. सासूबाईंनी मात्र त्या ओल्या दिवसांत पेटीचा खरा उपयोग ओळखला: “ह्यात सांडगे वाळतील का गं?” मी नको म्हटले. एका दुपारी परत येऊन पाहते तो बाकावर पंचा अंथरून त्यावर सांडग्यांचे ताट. वाळले, आणि छान वाळले. आठवडाभर पेटीला हिंगाचा वास होता.

जुलैत बाकाखालचे पॅनेल बंद पडले. पोटऱ्या गार लागू लागल्या आणि तापायला नेहमीपेक्षा दहा मिनिटे जास्त जाऊ लागली, यावरून ते लक्षात आले. सगळी पॅनेल समांतर जोडलेली असल्याने बाकीची चालूच होती. इलेक्ट्रिशियनने मीटर लावला तेव्हा तशाच २५० वॉटच्या दुसऱ्या पॅनेलला २१० ओहमच्या आसपास रोध आला आणि याला मीटरने काहीच दाखवले नाही, म्हणजे आत तार तुटली होती. कंपनीने आधी व्हिडिओ मागवला, मग ‘भाग परदेशातून येतो’ म्हणून सांगितले, एकतीस दिवसांनी चुकीच्या मापाचे पॅनेल पाठवले, आणि बरोबर पॅनेल मिळेपर्यंत गणपती येऊन गेले. हीटरवर पाच वर्षांची हमी आहे, पण भेटीचे शुल्क आणि वाहतूक त्यात नाही, हे करारात शेवटच्या पानावर बारीक अक्षरांत होते आणि मी ते वाचले नव्हते. प्रत्यक्ष बदल पाच स्क्रू आणि एका जोडणीचा होता. आमच्या इलेक्ट्रिशियनने तो चहा थंड व्हायच्या आत केला. त्यामुळे या जानेवारीत कंपनीने वार्षिक देखभाल कराराचा आग्रह धरला तेव्हा मी तो नाकारला आणि त्याऐवजी त्याच मापाचे एक जादा पॅनेल विकत मागितले. दोन आठवडे ‘किंमत कळवतो’ असे चालले आहे.